जाळी मोकळी होती

काशिनाथ ढोमणे यांना भोपाळच्या सोनागिरीत सगळे ढोमणेकाका म्हणतात. त्यांचे वडील नागपूरला सचिवालयात कारकून होते. भोपाळ राजधानी झाली, कचेऱ्या इकडे हलल्या, तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर तेही आले आणि इथलेच झाले. काशिनाथचा जन्म इथला, शाळा इथली, आणि आयटीआय झाल्यावर नोकरीही घराजवळच्याच मोठ्या कारखान्यात, सिव्हिल मेंटेनन्सला. कारखान्याच्या शेडची आणि ऑफिसांची छपरं सांभाळणं हे त्यांचं काम. बाकीचे लोक चहाच्या सुट्टीत मशीनबद्दल बोलत, प्रमोशनबद्दल बोलत. ढोमणे कुठल्या स्लॅबचा आवाज बद्द येतोय ते सांगत बसत. लोक हसत. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

रिटायर झाल्यावर दोनतीन महिने ते घरात येरझारा घालत राहिले. त्यांची बायको वसुधा वैतागून गेली. मग सोनागिरी चौकातल्या मार्केटच्या व्यापारी संघानं त्यांना आपलं छत सांभाळायला बोलावलं. तळमजल्यावर दुकानं, मधल्या मजल्यावर कोचिंग क्लास आणि चष्मेवाला, आणि सगळ्यात वर, थेट छताखाली, अलका चिंचाळकर यांचं ड्रेस भाड्यानं देण्याचं दुकान. शाळांच्या गॅदरिंगला लागणारे कृष्ण, झाशीची राणी, मोर, वाघ, गोंड नर्तक, सगळे तिथे हँगरला लटकलेले असत. अलकाताई स्वतः शिवत. नवरा गेल्यावर त्यांनी एका शिलाई मशीनवर हे उभं केलं होतं.

छत म्हटलं की लोकांना पावसाळा आठवतो. ढोमणेकाकांचं म्हणणं वेगळं होतं. भोपाळच्या थंडीत दुपारी चांगलं कडक ऊन असतं आणि पहाटे अंगावर दोन रजया लागतात. स्लॅब दिवसा फुगतो, रात्री आकसतो. पावसाळ्यात जी भेग केसाएवढी असते ती या ओढाताणीत उघडते. आणि नेमका पौषात मावठा येतो, म्हणजे थंडीतला पाऊस, कधी गारांसकट. त्या दिवसांत ऊन नसतं, साचलेलं पाणी वाळत नाही, सावकाश मुरत जातं. म्हणून दरवर्षी दिवाळी झाली की काका छतावर चढत. झाडून घेत, पाणी जायच्या तोंडावरच्या जाळ्या काढून साफ करत, भेगा भरत, कठडा आणि स्लॅब जिथे मिळतात तिथला सिमेंटचा वाटा, म्हणजे गोलसर भरलेली पट्टी, कुठे सुटलाय ते हातोडीनं ठोकून बघत. हे त्यांना कोणी सांगावं लागत नसे. व्यापारी संघाचे सेक्रेटरी अशोकजी, ज्यांचं खाली हार्डवेअरचं दुकान आहे, ते फक्त विचारत, "हो गया, काका?" काका म्हणत, "हो गया." एवढ्यावर सगळं मार्केट निश्चिंत असे.

गेल्या वर्षी नवरात्रात काका पाण्याची टाकी बघायला वर गेले आणि वाकून उठताना सगळं छत त्यांच्याभोवती फिरलं. त्यांनी टाकीचा पाइप धरला आणि खाली बसले. थोड्या वेळानं थांबलं. त्यानंतर घरी अंथरुणात कूस बदलतानाही एकदोनदा तसंच झालं. त्यांनी वसुधाला सांगितलं नाही. कारखान्यात त्यांच्या गँगमधला एक चांगला मिस्त्री असाच चक्कर येते म्हणाला होता. त्याला खाली स्टोअरमध्ये बसवलं, आणि वर्षभरात तो माणूस म्हातारा दिसायला लागला होता. काकांना ते आठवत होतं. सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन, 'छताकडे जातो' म्हणून घरातून निघण्यात त्यांचा सगळा दिवस उभा होता. ते गेलं तर काय करायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

दिवाळीनंतर ते नेहमीसारखे वर गेले. जिन्याचं दार उघडलं. समोर पांढरट, उन्हानं चमकणारं छत. उंबऱ्याच्या पुढे त्यांचा पायच पडेना. पलीकडच्या कोपऱ्यात, अलकाताईंच्या दुकानाच्या बरोबर वर, जाळीपाशी कबुतरांची गर्दी होती. तिथे थोडं गवतही उगवलेलं दिसत होतं. हिरवं दिसतंय म्हणजे माती साचली आहे, हे त्यांना लांबूनही कळलं. उद्या सकाळी येऊ, पोटात काही घालून येऊ, म्हणजे चक्कर येणार नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

खाली अशोकजींनी विचारलं, "हो गया, काका?"

"हो गया," काका म्हणाले. "सब ठीक है."

उद्या ते गेले नाहीत. परवाही नाही. मग नागपूरला पुतण्याचं लग्न निघालं. परत आल्यावर खोकला झाला. प्रत्येक वेळी काहीतरी होतं, आणि प्रत्येक वेळी काकांना मनातून बरं वाटलं.

त्याच सुमाराला व्यापारी संघानं छतावर सोलर पॅनेल लावायचं ठरवलं. लोखंडी सांगाडा बसवायला काकांनीच बाळूचं नाव सुचवलं. बाळू मुलताईकडचा. कारखान्यात कंत्राटी मजूर म्हणून आला तेव्हा काकांच्या हाताखाली होता. स्लॅब कसा ठोकायचा, भेग किती खोदून भरायची, हे त्यांच्याकडूनच शिकलेला. आता त्याचं स्वतःचं फॅब्रिकेशनचं काम होतं, आनंद नगरला छोटं वर्कशॉप होतं. काम सुरू करायच्या आधी तो काकांकडे आला.

"काका, एकदा वर चला ना. होल कुठे मारू ते दाखवून द्या. तुमचं छत आहे."

"तुला समजतं आता," काका म्हणाले. "मी कशाला पाहिजे?"

बाळूला तो मोठेपणा वाटला. त्यानं खूश होऊन त्यांना नमस्कार केला. काम त्यानं नीट केलं. जाताना झाडलोटही केली, पण आपल्या सांगाड्यापुरती. लांबचा कोपरा त्याचा नव्हता. काकांनी बघितलंच असेल, असं तोही धरून चालला.

संक्रांत होऊन गेली आणि एका दुपारी आभाळ भरून आलं. आधी वारा, मग गारा. शेजारच्या पत्र्यावर असा आवाज की घरात बोललेलं ऐकू येईना. वसुधाला गारांची हौस. ती अंगणातून वाटीत वेचून घेऊन आली. "बघा, बोराएवढ्या आहेत!" काकांनी बघितलं आणि मान फिरवली. पाऊस संध्याकाळभर पडत राहिला. वसुधानं भजी तळली. त्यांनी एक उचललं आणि तसंच ठेवलं.

"बरं नाही का?"

"नाही, ठीक आहे."

मार्केट चालत गेलं तर फार लांब नव्हतं. छत्री खुंटीला होती. ते दोनदा उठले आणि दोनदा बसले. गेलो तरी वर पाऊल टाकता येणार आहे का, हा विचार पुढे येई आणि त्याच्या आडून ते पुन्हा खुर्चीत बसत.

सकाळी अशोकजींचा फोन आला. अलकाताईंच्या दुकानात छताचं प्लॅस्टर पडलं होतं. पावसाच्या काळजीनं त्या लवकर आल्या होत्या आणि भिंतीवर ओल दिसली म्हणून ड्रेस हलवत होत्या. त्या दिवशी एका शाळेचं गॅदरिंग होतं. मोराची पिसं काढायला स्टुलावर चढल्या असताना वरून मोठा तुकडा सुटला. तो खांद्यावर बसला आणि त्या स्टुलावरून उजव्या हातावर पडल्या. चष्मेवाल्यानं त्यांना दवाखान्यात नेलं होतं.

काका धावत गेले. अलकाताईंच्या दुकानाकडे त्यांनी बघितलंही नाही, तडक वर गेले. जिन्याचं दार उघडलं तर समोर तळं. कोपऱ्याकोपऱ्यात अजून न वितळलेल्या गारांचे ढीग तरंगत होते. सगळं पाणी अलकाताईंच्या बाजूला झुकलेलं, कठड्याला लागलेलं. ते हात आणि गुडघे टेकून ओणवे झाले आणि त्या बर्फासारख्या पाण्यातून रांगत निघाले. डोकं फिरत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि एका हातानं कठडा चाचपत पुढे गेले. जाळी हाताला लागली. वर कबुतराचं घरटं, त्याखाली पॉलिथिनची पिशवी, अर्धा पतंग, मांजा, आणि गवताच्या मुळांनी घट्ट धरलेली माती. त्यांनी दोन्ही हातांनी तो सगळा गोळा उपटला. पाणी गडगडत खाली जायला लागलं.

असंच रांगत दिवाळीनंतरही येता आलं असतं. त्यांच्या मनात हे आलं, आणि तेवढ्यात मागून अशोकजींचा आवाज आला.

"काका! जाली जाम थी क्या?"

तो चिखलाचा गोळा त्यांच्या हातातच होता. त्यांची पाठ दाराकडे होती. त्यांनी तो कठड्यावरून मागच्या बोळात सोडून दिला.

"नहीं," ते म्हणाले. "खुली थी. पानी ही ज़्यादा था."

हे शब्द आपण ठरवून बोललो की नुसतेच तोंडातून निघाले, हे त्यांना पुढेही कधी नक्की सांगता आलं नाही. अशोकजी सांभाळत आत आले. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि त्यांची नजर सोलरच्या सांगाड्यावर, स्लॅबमध्ये गेलेल्या बोल्टांवर थांबली.

"फिर तो यहीं से उतरा है पानी. मैं पहले ही कह रहा था, छत में छेद मत करवाओ."

काका काही बोलले नाहीत. बोल्ट तिथे होते आणि अलकाताईंचं दुकान या टोकाला, हे कोणालाही दिसलं असतं. पण पाणी स्लॅबमध्ये शिरलं की कुठून कुठे जाईल सांगता येत नाही, हेही खरं होतं. हे वाक्य काकांनीच अशोकजींना आधी कितीदा ऐकवलं होतं.

बाळूला बोलावून घेतलं. खाली, सगळ्या दुकानदारांसमोर, अशोकजी त्याला वाटेल तसं बोलले. तुझ्या हातून एका बाईचा जीव गेला असता, म्हणाले. बाळू वाद घालणाऱ्यातला. एरवी त्यानं दोन शब्द परत दिले असते. पण तो काकांच्या तोंडाकडे बघत राहिला. काकांनी नजर जमिनीवर ठेवली. बाळूनं त्याचा अर्थ लावला की काका आपल्यासाठी शरमले आहेत.

"मी करून देतो सगळं," तो हळू आवाजात म्हणाला. "पूर्ण छत करून देतो."

दुसऱ्या दिवशी काका दवाखान्यात गेले. अलकाताईंचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. आत सळई घातली होती. हात गळ्यात बांधलेला. चेहरा सुकलेला. काकांना बघून त्या उठून बसायला लागल्या.

"काका, कशाला आलात एवढ्या थंडीत? बाळू येऊन गेला सकाळी. पायावर डोकं ठेवून रडला हो. माझ्याकडून झालं म्हणाला. मी काय बोलणार त्याला? लहान पोरं आहेत त्याची." मग त्या म्हणाल्या, "मला एकच वाटत होतं. तुम्ही तर दिवाळीनंतर बघितलं होतं ना छत? तेव्हा ठीक होतं ना सगळं?"

त्या सरळ त्यांच्याकडे बघत होत्या. संशय नव्हता त्यात. आपल्या डोक्यावरचं छत आधी धड होतं, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

"हो," काका म्हणाले.

"तेच म्हटलं," अलकाताई म्हणाल्या आणि उशीवर टेकल्या.

घरी आल्यावर काकांनी बाहेरचे कपडेही बदलले नाहीत. वसुधानं विचारलं तर तिच्यावर खेकसले. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांना अजून वाईट वाटलं आणि ते उगीचच चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. त्या दिवसांत ते रोज अलकाताईंच्या दुकानात जाऊ लागले. ओले ड्रेस पिळले, जिन्यात दोऱ्या बांधून वाळत घातले, प्लॅस्टरचा चुरा पोत्यात भरला. वाघाच्या मुखवट्याचा लगदा झाला होता. मोराची पिसं चिखलाच्या रंगाची झाली होती. येणारे जाणारे म्हणत, "बघा, या वयात काका किती करतात. ज्याची चूक त्याला आहे का काही?" दर वेळी असं कोणी म्हटलं की काका पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जात.

बाळूची दोन ठरलेली कामं सुटली. चौकातल्या स्वीट मार्टवाल्यानं शेडचं काम दुसऱ्याला दिलं, आनंद नगरच्या एका शाळेनंही. काकांच्या कानावर हे आलं. एकदा रस्त्यात बाळूची बायको पिंकी भेटली. ती काकांना वाकून नमस्कार करणारी. म्हणाली, "काका, यांना जरा समजवा. जेवत नाहीत. रात्री उठून बसतात. म्हणतात, मी काय चुकलो तेच मला सापडत नाही."

आभाळ निवळलं, ऊन पडलं, स्लॅब वाळला. बाळू कामाला लागला. त्यानं पॅनेल उतरवले, सांगाडा सैल केला, एकेक बोल्ट बाहेर काढला. काका जिन्याच्या दारात खुर्ची टाकून बसले. बाळूनंच त्यांना 'नुसते बसा, माझ्या नजरेसमोर राहा' म्हणून बोलावलं होतं. दुपारचं ऊन छान होतं. खालून कोचिंगच्या पोरांचा गलका येत होता.

बाळू एक बोल्ट घेऊन त्यांच्यापाशी आला आणि उंबऱ्यावर बसला.

"काका, हे बघा. रबर नवीन आहे. खाली केमिकल भरलेलं. होलच्या आत बोट घालून बघितलं, कोरडी भुकटी निघते. प्रत्येक होल असाच आहे." त्यानं बोल्ट काकांच्या हातात दिला. "पण पाणी गेलं तर आहे. म्हणजे मला दिसत नाही असं काहीतरी मी केलंय. तुमच्याकडून शिकलो, तुम्ही सांगा. रागवा पाहिजे तर. माझं कुठे चुकलं?"

काकांनी बोल्ट बोटांत फिरवला. तो खरोखर चांगला बसवलेला होता. त्यांनी स्वतः बसवला असता तर असाच.

"तुझं नाही चुकलं," ते म्हणाले.

"काका, मला बरं वाटावं म्हणून नका बोलू."

"जाळी तुंबली होती. त्या कोपऱ्यातली. गारांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती मोकळी केली आणि घाण मागं टाकून दिली. अशोकजींना खोटं बोललो. दिवाळीनंतर मी छतावर आलोच नव्हतो, बाळू. इथवर आलो, दारापर्यंत. मला चक्कर येते. नवरात्रापासून. कोणाला सांगितलं नाही."

बाळूनं कोपऱ्याकडे बघितलं, मग कठड्याकडे, मग काकांकडे. हळूहळू त्याच्या ध्यानात येत गेलं तसा त्याचा चेहरा बदलत गेला. पाण्याची पातळी कठड्यापर्यंत, वाटा सुटलेला, खाली जुना स्लॅब. त्याला शिकवलं होतं तेच सगळं.

"मी त्या ताईच्या पाया पडलो," तो म्हणाला.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं तेव्हा."

"हो."

बाळू उभा राहिला. "कामं गेली त्याचं काही नाही, काका. कामं येतात. पण मी घरी बायकोला सांगितलं की माझ्या हातून एका बाईचा हात मोडला. पोरांसमोर सांगितलं. रात्री झोपलो की मला ती स्टुलावरून पडताना दिसते. आणि तुम्ही इथे खुर्ची टाकून बसला होता! मला बोल्ट काढताना बघत होता!"

"बाळू..."

"नका बोलू. तुम्ही जा खाली." त्याचा आवाज फुटला. "चक्कर येते तर हळू जा. पण जा."

काका भिंत धरून खाली उतरले. अशोकजींच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबलो तर पुन्हा थांबतच राहू, हे काकांना आता कळत होतं. त्यांनी तिथेच, खिळे मोजून घेणाऱ्या माणसासमोर, सगळं सांगितलं. अशोकजी हातातलं माप तसंच धरून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "काका, आपसे ये उम्मीद नहीं थी." मग उठले, आणि लगेच वर बाळूकडे गेले. ते गेले, हे अशोकजींच्या बाजूनं सांगायला हवं. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वीट मार्टवाल्याला आणि त्या शाळेलाही फोन केले. शाळेचं काम परत मिळालं, स्वीट मार्टचं नाही.

अलकाताई घरी आल्या होत्या. काका गेले तेव्हा त्या डाव्या हातानं चहाचा कप धरायचा सराव करत होत्या. त्यांनी काकांना बसायला सांगितलं. काका उभेच राहिले आणि बोलले. दिवाळी, दार, कबुतरं, गारा, जाळी, काहीच गाळलं नाही.

"काका," अलकाताई म्हणाल्या, "चक्कर येते म्हणून तुम्ही घाबरलात, ते मला समजतं. मीही एकटी आहे. मलाही आजार लपवावासा वाटतो. छताचं झालं ते झालं. पण दवाखान्यात मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"मी किती विश्वासानं विचारलं होतं."

काकांना मान वर करता येईना.

"आणि नंतर रोज येत होतात. माझे ड्रेस वाळत घालत होतात. मी शेजाऱ्यांना सांगायची, वडिलांसारखे आहेत." त्यांनी कप खाली ठेवला. तो बशीवर वाजला. "आता येऊ नका. तुम्ही दिसलात की मला राग येणार, आणि रागात मला काम करता येत नाही. मला आता डाव्या हातानं काम शिकायचंय."

"बरं," काका म्हणाले. त्यांनी हात जोडले. अलकाताईंनी मान हलवली की नाही, हे त्यांना दिसलं नाही.

वसुधाला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. ती आधी खूप रागावली, सगळ्यात जास्त चक्कर लपवल्याबद्दल. मग त्यांना जबरदस्तीनं कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं काकांना टेबलावर झोपवलं, डोकं एका बाजूला वळवलं, थांबली, मग दुसऱ्या बाजूला. छत फिरलं आणि थांबलं. कानातले बारीक खडे जागेवरून सरकतात, त्यानं असं होतं, ती म्हणाली. घरी करायला मानेचे व्यायाम सांगितले. "पुष्कळ लोकांना होतं हे, काका. आधी का नाही आलात?" होळीच्या आतच त्यांची चक्कर गेली. बरं झाल्याचा आनंद मात्र त्यांना झाला नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी एका बाईचं मनगट गेलं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

अलकाताईंचा बांधलेला हात सुटला, पण मनगट पूर्ण वळत नाही. जाड कापड कातरीनं कापता येत नाही. त्यांनी कापायला एक माणूस ठेवला आहे. शिवतात अजून स्वतःच. दुकान तिथेच आहे. खाली यायला संघानं गाळा देऊ केला होता, पण ऊन वरच येतं म्हणून त्या हलल्या नाहीत.

छताचं काम काकांनी स्वतःहून सोडलं. अशोकजी एकदा म्हणाले, "अब तो ठीक हो गए, फिर देख लो." काका नको म्हणाले. आता ते काम बाळूकडे आहे. यंदा दिवाळीनंतर त्यानं एक नवी रीत लावली. काम झालं की दोन दुकानदारांना वर नेतो आणि प्रत्येक जाळीत त्यांच्यासमोर बादलीभर पाणी ओततो. काकांना हे दुसऱ्यांकडून कळलं. बाळू रस्त्यात भेटला तर 'नमस्कार' म्हणतो, थांबत नाही. पिंकी थांबते, पण नमस्काराला वाकत नाही.

काका सकाळी फिरायला जातात. मार्केटच्या समोरून जायचं टाळत नाहीत. सुरुवातीला टाळत होते. थंडी पडली, ढग आले की त्यांना झोप लागत नाही. उठून खिडकीशी जातात, हात बाहेर काढून बघतात.

यंदाच्या संक्रांतीला वसुधा अलकाताईंकडे तिळगुळाला गेली. बोलावणं तिला एकटीला होतं. काका व्हरांड्यात बसून राहिले. ती परत आली तेव्हा तिच्या हातात कागदात बांधलेले तिळाचे लाडू होते.

"काही म्हणाली?" काकांनी विचारलं.

"विचारत होती, काकांची चक्कर कशी आहे."

"मग?"

"सांगितलं मी, बरी आहे म्हणून."

"अजून काही?"

"अजून काही नाही," वसुधा म्हणाली आणि लाडू डब्यात भरायला आत गेली.